‘तुमच्या मतामुळे संघ गेला’ असं ऐकवतात

प्रश्न : ताई, आम्ही मिसूरीत, जॅक्सन काउंटीत राहतो. स्टेडियमसाठीचा विक्रीकर आणखी 40 वर्षं चालू ठेवायचा का, यावर 2 एप्रिल 2024ला मतदान झालं. मी विरोधात मत दिलं. आता आमचा अमेरिकन फुटबॉल संघ चीफ्स 2031पासून शेजारच्या कॅन्सस राज्यात खेळणार आहेत. ऑफिसात ऐकवतात, ‘तुमच्यासारख्यांमुळे संघ गेला.’ मुलगाही रुसलाय. माझं चुकलं का?

उत्तर : अजिबात नाही. तुमच्यासारखं मत सुमारे 58 टक्के लोकांनी दिलं. कर दिसायला छोटा, 100 डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट. पण ज्यानं चीफ्सच्या ॲरोहेड स्टेडियमची पायरीही कधी चढली नाही, त्याच्याही खिशातून तो जातो, आणि तोही आणखी 40 वर्षं.

‘हो’ म्हटलं असतं तर संघ कायमचा राहिला असता, हे कोणी सांगावं? मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये राहते. 1995 साली रेडर्स या फुटबॉल संघाला लॉस एंजेलिसहून परत आणायला आमच्या शहरानं आणि काउंटीनं सुमारे 20 कोटी डॉलरचं कर्ज काढलं. प्रेक्षकांना सीटच्या हक्काचे परवाने विकून ते फिटेल, असं सांगितलं गेलं. परवाने तेवढे खपलेच नाहीत आणि हप्ते करदात्यांच्या गळ्यात पडले. त्या पैशातून आमच्या कोलिझियम स्टेडियममध्ये उंचच उंच नवा स्टँड उभा राहिला. रेडर्सच्या मालकाच्या नावावरून लोक त्याला ‘माउंट डेव्हिस’ म्हणायचे. पूर्वी बेसबॉल बघताना समोर ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या, त्या या काँक्रीटमागे गेल्या. आणि तिथंच खेळणाऱ्या एज या बेसबॉल संघाच्या सामन्यांना त्याच स्टँडच्या वरच्या रांगा ताडपत्रीनं झाकलेल्या असायच्या! कर्ज काढून बांधलेल्या त्या खुर्च्यांवर बसायला माणसं नव्हती. मला आजही त्याचा संताप येतो.

2020मध्ये रेडर्स लास वेगासला गेले. तिथं त्यांच्या स्टेडियमला हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून 75 कोटी डॉलर मिळाले. आमचे हप्ते मात्र चालूच राहिले. 2024च्या मोसमानंतर एजही गेले.

‘नवा कर नाही, स्टेडियमच्या परिसरात वाढणाऱ्या विक्रीकरातून रोखे फेडू,’ असं कॅन्ससवाले म्हणतात. पण विचार करा, तिथलं एखादं कुटुंब नेहमीच्या हॉटेलाऐवजी स्टेडियमजवळ जेवलं, तर खर्च तेवढाच झाला. फक्त त्यावरचा कर सरकारी तिजोरीऐवजी रोख्यांकडे वळला. रॉजर नोल, अँड्र्यू झिम्बालिस्ट यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ 1990च्या दशकापासून हेच मांडत आलेत. त्यात फुटबॉलचे घरचे साखळी सामने वर्षाला जेमतेम आठ-नऊ.

मुलाचं रुसणं मात्र खरं आहे, त्याच्याशी आकड्यांवरून वाद घालू नका. त्याला ॲरोहेडवर घेऊन जा. तिथं अजून काही मोसम बाकी आहेत, आणि नवं मैदानही त्याच महानगरात, राज्याची सीमा ओलांडली की आलंच.

पुढे कुठल्याही संघासाठी असा प्रस्ताव आला, तर मतदानाआधी करारातल्या दोन गोष्टी विचारा. बांधकामाचा खर्च वाढला तर तो कोण सोसणार? न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमला सरकारनं 85 कोटी डॉलर दिले, पण वाढीव खर्च संघाच्या माथी घातला. आणि संघ मुदतीआधी निघून गेला, तर उरलेलं कर्ज कोण फेडणार? याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत तुमचं ‘नाही’ कायम ठेवा.