मुलगी म्हणते, मला बाप्तिस्मा घ्यायचाय

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एका आईचं पत्र आलंय. तेरा वर्षांच्या लेकीला वर्गमैत्रिणीबरोबर प्रोटेस्टंट चर्चच्या ‘कोन्फिर्मात्सिओन’च्या, म्हणजे किशोरवयात आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला जायचंय आणि पुढे बाप्तिस्माही घ्यायचाय. हे ऐकल्यापासून बाप गप्प आहे. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आजीला अजून काही कळवलेलं नाही. ‘आम्ही तिच्यावर काहीच लादलं नाही. मोठी झालीस की तुझं तू ठरव, असंच म्हणत आलो. मग हे असं का झालं?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. तुम्ही ठरव म्हणालात, ती ठरवायला बसली.

तुम्हाला धक्का बसला तो तिनं निवडल्याचा नाही, तुमचं सोडून दुसरं निवडल्याचा. यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही बसला असता. पण ‘काहीच लादलं नाही’ याचा तुमच्या घरी काय अर्थ झाला, तेही बघा. पत्रावरून दिसतं ते असं: देव्हारा कपाटाच्या वरच्या खणात, गणपती मंडळाच्या सोयीनं शनिवार-रविवारी, दिवाळीत फराळ आणि फोटो. तिनं ‘हे का करतो?’ विचारलं की ‘आपल्यात असतं’. हे म्हणजे रिकामं ताट मांडून ‘हवं ते जेव’ म्हणण्यासारखं झालं. भूक लागलेलं पोर शेजारी जाणारच.

आणि शेजारी तिला काय दिसलं? तुम्हीच लिहिलंय. मैत्रिणीची आजी हिवाळ्यात लेओनहार्ड चर्चमध्ये जेवण वाढायला जाते. तुमच्या गावात १९९५ पासून दर हिवाळ्यात काही आठवडे हे चालतं, चर्चमध्येच टेबलं मांडतात आणि बेघर, एकटी, गरीब माणसं येऊन गरम जेवतात. तुमची लेक दोनदा तिच्याबरोबर ताटल्या उचलायला गेली आणि घरी येऊन त्यावर तासभर बोलली. ताई, पोरं सांगितलेलं विसरतात, बघितलेलं उचलतात. कोणीतरी आपल्या श्रद्धेपायी थंडीत सकाळी उठून बाहेर पडतंय, हे दिसलं की ती श्रद्धा खरी वाटू लागते. आपल्याकडेही हे आहेच. पंढरीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्याला घरात घेऊन भाकरी वाढणारी माणसं आहेत, गुरुद्वारातला लंगर आहे. तुमच्या मुलीला ते बघायला मिळालं नाही, इतकंच.

धर्म माणूस निवडतो की त्याला मिळतो? आपल्या देशात बहुतेक मिळतोच. प्यू रिसर्च सेंटरनं २०२१ मध्ये भारताची मोठी पाहणी छापली. ज्या धर्मात वाढलो त्यातच आज आहोत, असं सांगणारे त्यात ९८ टक्के निघाले. त्याच संस्थेच्या अमेरिकेतल्या २०२३-२४ च्या पाहणीत मात्र ३५ टक्के प्रौढांनी लहानपणीची धार्मिक ओळख बदललेली होती. सोडणाऱ्यांपैकी बरेच जण दुसरीकडे कुठे गेले नाहीत, कुठलाच धर्म नाही म्हणाले. म्हणजे आईबापांचं वजन सगळीकडे असतं, पण आजूबाजूला सगळे एकाच वाटेनं चालत असले की ते जाणवत नाही. तुमच्याकडे वाटा अनेक आहेत, म्हणून ते आज जाणवतंय.

आता नागपूरकरीण म्हणून एक सांगते. धर्म ठरवून घेता येतो, हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलंय. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं. त्या वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, वेगवेगळ्या धर्मांची माणसं भेटायला आली, त्यांनी वाचलं, तपासलं, वाद घातले. मग भिक्खू चंद्रमणींकडून आधी स्वतः दीक्षा घेतली आणि नंतर समोरच्या लाखोंना दिली. तुमच्या लेकीचा हट्ट आणि हे एका तराजूत घालू नका. तिथे प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता. पण वेळ घेणं तिथून शिकता येतं.

आमच्या समोरच्या घरात एम्प्रेस मिलमधून निवृत्त झालेले एक काका राहायचे. दीक्षेच्या त्या दिवशी ते पाच वर्षांचे होते. आईकडे एकच पांढरं लुगडं, ते तिनं आदल्या रात्री धुऊन चुलीपाशी वाळत घातलं होतं, त्याला धुराचा वास येत होता, एवढं त्यांना आठवायचं. मी एकदा विचारलं, ‘काका, तुम्ही दीक्षा घेतली तेव्हा काय वाटलं?’ ते हसले. ‘माया बापानं घेतली जी. मी त्याच्या खांद्यावर होतो. खांद्यावरच्या पोराले कोण इचारते?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘चाळिशीत वाचाले लागलो, तवा माही झाली.’ दर दसऱ्याला ते दीक्षाभूमीवरून येताना पुस्तकांची पिशवी घेऊन यायचे. डोळे गेल्यावर नातीकडून वाचून घ्यायचे.

काकांना बापाकडून मिळालं आणि तरी ते पुढे त्यांचं स्वतःचं झालं. तेव्हा आपलं मुलांना देणं म्हणजे लादणं, ही भीती आधी काढून टाका. देऊन ठेवा. ठेवायचं की नाही ते ती बघेल.

आता कायद्याचं, कारण यजमानांना तेवढंच बोलता येतंय असं दिसतं. जर्मनीत मुलांच्या धार्मिक शिक्षणाचा १९२१ चा कायदा आहे. चौदा पूर्ण झाले की धर्माचा निर्णय मुलाचा, आईबापांचा नाही. बारानंतर आईबापही त्याच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्मात वाढवू शकत नाहीत. तुमची लेक दहा महिन्यांत चौदाची होईल. तेव्हा ‘आम्ही परवानगी देणार नाही’ या वाक्याचं आयुष्य दहा महिने आहे. ते उगाच खर्च करू नका.

त्याऐवजी पाद्रीबाईंना जाऊन भेटा, दोघंही. बाप्तिस्मा न झालेली मुलंही या वर्गांना बसतात आणि वर्गाला बसलं म्हणजे शेवटी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो असं नसतं. मुलीला म्हणा, वर्गाला जा, बाप्तिस्म्याचं त्यानंतर सावकाश ठरव. तिच्या मनात भेटपाकिटं, पार्टी आणि मैत्रिणींबरोबरचं शिबिर किती आहे, हेही हसत विचारा. तिथे कोन्फिर्मात्सिओनला नातेवाईक पाकिटातून पैसे देतात, आपल्याकडे मुंजीत बटूला आहेर होतो तसंच. त्यात काही वाईट नाही, पण स्वतःशी खरं बोलता आलं पाहिजे. आणि चर्चच्या कराचंही तिला आत्ताच सांगा. सदस्य झालं की कमावती झाल्यावर आयकराच्या आठ टक्के इतका कर चर्चला जातो, नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन रीतसर नाव काढावं लागतं. तेरा वर्षांच्या पोरीला हे सांगितलं की ती एकदम मोठी होऊन विचार करते, असा माझा अनुभव आहे.

दीर वाड्यातल्या वाट्याचं काहीतरी बोलले, असं लिहिलंय. धर्म बदलला म्हणून तिचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांबद्दल आहे. बाकी वकिलाला विचारा. पण तेरा वर्षांच्या पुतणीचा वाटा मोजायला बसलेल्या दिरांचं मला नवल वाटलं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यजमानांना हे पत्र वाचून दाखवा. दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास शेकडो कुटुंबांचा एक अभ्यास सुरू झाला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. आईबापांचा धर्म मुलांत टिकतो तो जिथे जिव्हाळा असतो तिथे, आणि त्यातही बापाची जवळीक फार मोजली जाते, असं त्यात दिसलं. गप्प बसलेल्या बापानं हे ऐकायला हवं.

माझे वडील नास्तिक होते. घरात देव्हारा नव्हता, आजी गेल्यावर तिचे देवही त्यांनी माझ्या चुलत्यांकडे पोचवले. मी नववीत असताना मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जायला लागले. ते एकदाच म्हणाले, ‘पेपर तूच लिहिणार आहेस ना?’ पण दर मंगळवारी सीताबर्डीपर्यंत सायकलवर डबलसीट तेच न्यायचे. मी आत जायची, ते बाहेर माझ्या चपला सायकलच्या कॅरिअरला अडकवून, पेपर वाचत उभे राहायचे. परत येताना प्रसादाचा पेढा अर्धा मागून घ्यायचे. मी आजही देव मानते. पण उपासतापास, सोवळंओवळं मला जमलं नाही, ते वडिलांकडून आलंय.

सासूबाईंना फोटो पाहून कळू देऊ नका. आधी तुम्ही दोघं सांगा, मग फोनवर लेकीला बोलू द्या, तिच्याच मोडक्यातोडक्या मराठीत. सासूबाई रडतील. ‘संस्कार कमी पडले’ म्हणतील. तेव्हा यजमानांनी फोन घ्यायचा, तुम्ही नाही. पुढच्या सुट्टीत तिला नागपूरला आणा. आजीबरोबर महालात पूजेला बसू द्या, ताजबागच्या दर्ग्यात न्या, दीक्षाभूमीवर स्तूपात नेऊन शांत बसवा. तिला काही पटवायचं नाहीये. तिच्या ताटात काही वाढायचंय.

शेवटी तुम्ही विचारलंय, यंदा गणपतीत तिला आरतीला उभं करायचं की नाही. दरवर्षी झांज तीच वाजवते, असं तुम्हीच लिहिलंय. झांज बाहेर काढून तयार ठेवा.