‘आमच्यात’ म्हणजे नेमकं कोणात?

‘‘लग्नाला पाच वर्षं झाली, धर्मावरून एकदाही वाजलं नाही. मूल झालं आणि सगळं बिघडलं.’’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आंतरधर्मीय जोडप्यांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यापुढचा शब्द कोणता येणार, तेही आता ठाऊक असतं. ‘आमच्यात’. आमच्यात सुंता करतात, आमच्यात मुंज लागते, आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय चालत नाही. माणसं दादरची असोत, मीरा रोडची असोत किंवा चेंबूरची, काळजी तीच. एकमेकांवरचं प्रेम खरं होतं, मग हे कुठून उगवलं? आणि आता मुलाचा धर्म कोणता?

एका जोडप्याच्या निमित्ताने उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ महिन्यांचं बोलणं चार संवादांत आणलं आहे.

तो गिरगावचा, चाळीत वाढलेला, घरी दीड दिवसाचा गणपती. ती वसईची कॅथलिक, घरात मराठी, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, तीही मराठीतूनच. लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली केलेलं. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं. त्यात धर्म कोणालाच बदलावा लागत नाही, आणि यांना तेच हवं होतं. ‘‘दोन्हीकडचं काहीच करायचं नाही, म्हणजे भांडण नाही,’’ असं ठरलं होतं. ‘काहीच नाही’ हे बावीस-पंचविसाव्या वर्षी फार सुटसुटीत वाटतं. मूल झालं की सहा महिन्यांत कळतं, की नावापासून जावळापर्यंत प्रत्येक गोष्टीत काहीतरी करावंच लागतं, आणि कसं ठरवायचं याची सवय मात्र दोघांनाही लागलेली नसते.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, ‘‘मॅडम, मी हिला कधी अडवलेलं नाही. दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत स्कूटरवर सोडतो. पण मुलाचा बाप्तिस्मा नाही. आमच्यात नाही चालत.’’

ती म्हणाली, ‘‘आणि बारसं चाललं! आमच्यात बारसं नसतं, तरी पाळण्याखालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलंच ना मी?’’

इथे मी एक अट घातली. पुढचा पाऊण तास या खोलीत ‘आमच्यात’ हा शब्द काढायचा नाही. प्रत्येक वाक्य ‘मला’ने सुरू करायचं.

ही अट मी बऱ्याच जोडप्यांना घालते आणि तिच्यावर माझा भरवसा आहे. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आमच्यात’ म्हटलं की समोर बसलेला नवरा किंवा बायको त्या शब्दाच्या बाहेर राहते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलणाराही त्यात दिसेनासा होतो. आई, आत्या, गेलेले आजोबा, गावचा काका, सगळे एका तोंडाने बोलू लागतात. समोर बसलेल्या माणसाकडे मी एकटं म्हणून पाहत नाही, त्याच्या मागे उभं असलेलं घरही पाहते. आधी तो आवाज कोणाचा, हे वेगळं करावं लागतं. बाप्तिस्मा द्यायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याने प्रयत्न केला. ‘‘मला... मला नाही चालत.’’

‘‘का?’’

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलले नाही. अशा शांततेत घाईने धीर द्यायला गेलं की माणूस पुन्हा ‘आमच्यात’च्या मागे जाऊन उभा राहतो.

‘‘दोन वर्षांपूर्वी बाबा गेले,’’ तो म्हणाला. ‘‘बाणगंगेवर मीच त्यांचं केलं. परवा आई हिचं-माझं बोलणं ऐकून म्हणाली, याचं नाव चर्चच्या वहीत गेलं तर तुझं कोण करणार? तेव्हापासून मला झोप नाही.’’

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, नवऱ्याला तिचा येशू नकोसा आहे. मरणाची भीती तिच्या कानावर पहिल्यांदाच येत होती.

मग तिची पाळी. ‘‘मला एक सांगायचंय. तू मला दारापर्यंत सोडतोस. आत मी काय करते, कधी विचारलंस? सगळे कम्युनियन, ती पवित्र भाकरी, घ्यायला रांगेत पुढे जातात आणि मी बाकावर बसून राहते. गुडघे बाजूला घेऊन लोकांना वाट देते. पाच वर्षं.’’

‘‘का पण?’’

‘‘आपलं लग्न चर्चच्या लेखी झालेलंच नाही म्हणून.’’

पाच वर्षं दर रविवारी तो बाहेर स्कूटरवर मोबाइल बघत थांबायचा. आपण उदार आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, ‘‘सांगायचं ना गं.’’ आणि ती म्हणाली, ‘‘काहीच करायचं नाही, असं ठरलं होतं.’’

समुपदेशनात मी ज्याची वाट पाहते, ते हेच. तोडगा अजून खूप लांब होता. पण वाद ज्या गोष्टीवर चालला होता आणि दुखत होतं ती जागा, यांतलं अंतर दोघांनाही एकदमच दिसलं. बाप्तिस्म्याच्या मागे त्याचं स्वतःचं श्राद्ध होतं, आणि तिच्या हट्टामागे तो रिकामा बाक. आपण बाहेर राहिलो, निदान मुलाने तरी आत असावं.

यानंतर माहिती उपयोगी पडते, त्याआधी दिलेली वाया जाते. कॅथलिक व्यक्तीने बिशपांच्या परवानगीशिवाय फक्त नोंदणी लग्न केलं, तर चर्च ते लग्न धरत नाही. पण ते नंतर नीट करून घेता येतं आणि त्यासाठी जोडीदाराला ख्रिस्ती व्हावं लागत नाही. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडे अर्ज करायचा. एक वाट अशी की परवानगी आल्यावर फादर आणि दोन साक्षीदारांसमोर दोघांनी साधेपणाने पुन्हा होकार द्यायचा. दुसरी अशी की आधी दिलेला होकारच बिशप मान्य करतात, तो पुन्हा उच्चारावा लागत नाही. ज्या नवऱ्याला चर्चमध्ये उभं राहणं जड जातं, त्याच्यासाठी ही दुसरी वाट असते, आणि ती अनेकांना माहीतच नसते.

दुसरा गैरसमज सहीचा. मुलांना कॅथलिक करीन, अशी सही हिंदू जोडीदाराकडून घेतात, असं बहुतेक हिंदू कुटुंबं धरून चालतात. पूर्वी दोघांकडूनही वचन घेत. १९८३च्या चर्चच्या संहितेनुसार वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते, तेही ‘माझ्याकडून शक्य ते सर्व करीन’ अशा शब्दांत. जोडीदाराला ते वेळेवर कळवायचं असतं, एवढंच. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत होते, महापालिकेच्या जन्मदाखल्यात तिने काही बदलत नाही.

एक धोका मात्र स्पष्ट सांगते. बाप्तिस्म्याला एका पालकाची संमती चर्चच्या नियमाने पुरते. या तरतुदीचा आडोसा घेऊन आजीने नातवाला गुपचूप वसईला नेऊन उरकलं, किंवा दुसऱ्या बाजूने ‘मामाकडे जातोय’ सांगून जावळ काढून आणलं, की पुढची दहा वर्षं धर्मावर बोलणंच होत नाही, बोलणं होतं ते फसवणुकीवर. विधी कोणताही असो, चोरून करू नका.

आता श्राद्ध. बाप्तिस्मा झालेला मुलगा बापाचं करील का? मी त्याला उलट विचारलं, ‘‘बाप्तिस्मा न झालेला नक्की करील?’’ त्याचा चुलतभाऊ कॅनडात, काकांच्या दहाव्यालाही येऊ शकला नव्हता. तो गप्प झाला. उत्तर तिच्याकडून आलं : ‘‘मी त्याला घेऊन येईन बाणगंगेवर. दरवर्षी. आतापासून. आम्ही २ नोव्हेंबरला आजी-आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा तूही ये.’’ त्या वर्षी सर्वपित्रीला ती मुलाला कडेवर घेऊन वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्या उतरली, आणि नोव्हेंबरमध्ये तो वसईच्या दफनभूमीत काडेपेटी घेऊन उभा होता.

मरणाचं बोलणं निघालंच आहे तर ते पुरं करावं. दफन की दहन, हे प्रत्येक आंतरधर्मीय जोडप्याने धडधाकट असताना कागदावर लिहावं. कारण त्या रात्री ठरवणारे दोन्हीकडचे काका असतात. कॅथलिक चर्चने १९६३पासून दहनाला मुभा दिली आहे, पण २०१६च्या सूचनेनुसार अस्थी पवित्र जागी ठेवायच्या असतात, विखुरायच्या किंवा पाण्यात सोडायच्या नाहीत. म्हणजे दहनावर एकमत झालं तरी तिसऱ्या दिवशी अस्थिविसर्जनावरून खटका उडतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

रोजच्या गोष्टींसाठी मी एक काम देते. ‘कालनिर्णय’ भिंतीवरून उतरवा आणि दोन कोरे कागद घ्या. दोघांनी वेगवेगळं बसायचं, वीस मिनिटं, आया घरात नसताना. सण, उपास, ताट, कपाळ, गळा, देवघर, जे आठवेल ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द : हवंच, चालेल, नको. कुंकू, मंगळसूत्र, देवघरात क्रूस, पाळीच्या दिवसांत शिवाशिव, ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार, श्रावणातलं मटण, घरात पोर्क शिजवणं. या जोडप्याच्या कागदांवर मिळून छत्तीस ओळी आल्या आणि त्यांतल्या पंचवीसएक दोघांनाही ‘चालेल’ होत्या. इतकी वर्षं ज्यावर धुसफूस चालली होती त्यातलं बरंचसं दोघांपैकी कोणालाच ‘नको’ नव्हतं! ‘हवंच’ समोर ‘नको’ आलं ते फक्त चार ठिकाणी. काम त्या चारांवर करायचं.

कॅलेंडर यासाठी, की भांडण पुष्कळदा श्रद्धेपेक्षा तारखेचं असतं. मोतमाउलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चची, वांद्र्याची जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरात. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि जत्रा लगेच दुसऱ्या दिवसापासून. एकाच दिवशी मोदकांना २१ चा हिशेब आणि माउलीला मेणबत्ती, दोन्ही घरांना तेव्हाच सूनबाई किंवा जावई हवा. जानेवारीत बसून असे दिवस खुणावले आणि कोण कुठे किती वाजेपर्यंत, हे ठरवलं, तर त्या आठवड्यातली निम्मी चिडचिड जाते. समसमान वाटणीच्या मागे मात्र लागू नका. एक सण तुमचा, एक आमचा, असा हिशेब ठेवणारी घरं दोन वर्षांत हिशेबावरूनच भांडायला लागतात.

आयांचं काय? आपल्या आईला आपणच सांगायचं, आणि ‘आम्ही दोघांनी ठरवलंय’ असं सांगायचं. ‘हिचं म्हणणं आहे’ असं म्हटलं की झालं, सून खलनायिका. या गृहस्थाची सवय हीच होती. आईचं बायकोला, बायकोचं आईला, आणि आपण मध्ये निर्दोष. ती सवय मोडायला तीन महिने लागले. बाप्तिस्म्यापेक्षा ते जड गेलं.

सासूबाईंच्या एका भीतीत मात्र तथ्य निघालं. ‘उद्या याला काही झालं तर माझं काय?’ हिंदू आणि ख्रिस्ती यांचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं की मृत्युपत्र नसल्यास वारसा १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. एक तृतीयांश पत्नीला, दोन तृतीयांश मुलांना. मुलं असतील तर आईला काहीच नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस असते, इथे नसते. म्हणून मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. त्याने ते केलं, आईच्या राहत्या जागेची सोय त्यात लिहिली आणि तिला वाचून दाखवलं. त्यानंतर सासूबाईंचा आवाज खाली आला, तो सुनेचा धर्म पटला म्हणून नव्हे.

हे सगळं लागू पडतं ते जिथे दोघंही मोकळेपणाने बोलू शकतात तिथे. धर्म बदल म्हणून मारहाण, कोंडून ठेवणं, मूल हिरावून घेण्याची धमकी, हे चालू असेल तर कागद आणि कॅलेंडर बाजूला ठेवा. तिथे तडजोड शोधायची नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागा. अशा घरात मी जोडप्याला एकत्र बसवत नाही.

या दोघांचं लग्न चर्चने त्या दुसऱ्या वाटेने मान्य केलं. बाप्तिस्मा डिसेंबरात झाला. सासूबाई गेल्या नाहीत, पण बाळाचं पांढरं झबलं त्यांनी शिवून दिलं. गणपतीच्या नैवेद्याला सुनेने हात लावायचा नाही, ही त्यांची ओळ अजून ‘नको’मध्येच आहे. सुनेला ते अजून लागतं आणि ते ती आता नवऱ्याला सांगते.

शेवटच्या भेटीला त्यांनी तो कागद आणला होता. मुंज आणि पहिलं कम्युनियन, या दोन ओळी एकाखाली एक, दोन्ही कोऱ्या. दोन्हींचं वय साधारण आठ. समोर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘तेव्हा. त्याला विचारून.’ आणि खाली त्याच्या अक्षरात : ‘आपण तिघं.’