निवेदनातला तो ‘पण’

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला. दहशतवादी कट उघडकीस आला, पकडलेल्यांची नावं आपल्या मुस्लिम समाजातली निघाली आणि उद्या सकाळी तुला समाजाच्या वतीनं माईकसमोर उभं राहायचंय. जीव थाऱ्यावर नसणार, हे मी जाणतो. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा सल्ला विचारावा असं जवळ कुणी नव्हतं, म्हणून रात्रीच लिहायला बसलो.

तुझं तिसरं वाक्य असं आहे: ‘आम्ही या कटाचा तीव्र निषेध करतो, पण तरुणांमधल्या असंतोषाची कारणंही पाहायला हवीत.’ त्यातल्या ‘पण’वर मी पेन्सिलीनं काट मारली आहे. पुढचं सगळंही खोडलंय.

कधीकाळी रेल्वेगाडीत स्फोट घडवण्याचा कट उघड झाला, तेव्हा मीही हेच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘पण’च्या आधीचं काही उरलं नव्हतं. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. वीस वर्षांचं येणंजाणं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘माझा मुलगा रोज त्याच गाडीनं जातो. तुम्हाला तो “पण” कसा सुचला?’ मला उत्तर देता आलं नाही, आणि आजही येत नाही.

2006 चा ऑगस्ट बघ. ब्रिटनहून अटलांटिकपार जाणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट 10 तारखेला उघड झाला. दोनच दिवसांनी काही मुस्लिम खासदार आणि 38 संघटनांचं खुलं पत्र पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या नावे छापून आलं. सरकारच्या इराकसारख्या ठिकाणच्या परराष्ट्र धोरणामुळे अतिरेक्यांना आयता दारूगोळा मिळतो, असा त्याचा रोख होता. निरपराध नागरिकांवरच्या हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही, हेही त्यात होतं. इराक युद्धाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. तरीही ज्या दिवशी लोक विमानात बसायला घाबरत होते, त्या दिवशी ते पत्र सौद्यासारखं वाचलं गेलं. मंत्री तुटून पडले आणि निषेध बाजूलाच राहिला.

गाऱ्हाणं मांडायचंच नाही, असं मी म्हणत नाही. जरूर मांड. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रकात, पुराव्यांसह मांड. कट उघडकीस आला नसतानाही मांडत राहा, म्हणजे ते सबब वाटणार नाही.

आता उलटी चूक. तुझ्या शेवटच्या परिच्छेदात ‘या नराधमांना फासावर लटकवा’ असं आहे. ते तू भीतीपोटी लिहिलंयस, आपली निष्ठा दाखवायला. त्याच 2006 च्या जूनमध्ये लंडनच्या फॉरेस्ट गेट भागात सुमारे 250 पोलिसांनी दोन भावांच्या घरावर छापा घातला. एकाच्या खांद्यात गोळी गेली. बॉम्ब सापडलाच नाही, दोघांनाही आरोप न ठेवता सोडावं लागलं. सप्टेंबरात मालेगावात स्फोट झाले. त्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयानं आरोपमुक्त केलं ते 2016 मध्ये. तेव्हा कुणी घाईनं फाशी मागितली असती, तर नंतर त्यांच्या आयांना काय तोंड दाखवलं असतं?

26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या मुंबईवरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुस्लिम जामा मशीद ट्रस्टनं नकार दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. तिथे शंकेला जागाच नव्हती, ते शस्त्रं हातात असतानाच मारले गेले होते. पकडलेल्यांबद्दल मात्र इतकंच म्हण: ‘गुन्हा सिद्ध झाला तर कायद्यानं कडक शिक्षा व्हावी.’ आणि आरोपीच्या घरी जा. दिवसाउजेडी जा, लपूनछपून नको. तिथली धाकटी भावंडं शाळेत जातात, हे लक्षात असू दे.

माफी मागू नकोस. ‘तुम्हाला लाज वाटते का’ असं कुणीतरी विचारेलच. ‘राग येतो, भीती वाटते’ असं सांग, कारण ते खरं आहे. 7 जुलै 2005 ला लंडनमधल्या बॉम्बस्फोटांत मृत्युमुखी पडलेल्या 52 जणांत मुसलमानही होते. स्फोटानं कुणाचं नाव विचारलं नव्हतं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितलीस, की आपल्या प्रत्येक पोराला ती आयुष्यभर मागत राहावी लागेल.

जे माईकसमोर बोलशील, तेच प्रार्थनेनंतर आपल्या माणसांसमोर, आपल्या भाषेत बोल. तिथे जास्त कठीण जाईल. कुणीतरी म्हणेलच, ‘हे सगळं रचलेलं आहे.’ त्याला झिडकारू नकोस आणि मानही डोलावू नकोस. 19 जून 2017 च्या मध्यरात्री लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये नमाजहून परतणाऱ्यांवर एकानं व्हॅन घातली. संतापलेल्या जमावानं त्याला धरलं, तेव्हा इमाम मोहम्मद महमूद मध्ये उभे राहिले आणि तो पोलिसांच्या ताब्यात जाईपर्यंत त्यांनी कुणालाही त्याच्यावर हात उचलू दिला नाही. त्यांनी ते आपल्याच माणसांसमोर, आपल्याच माणसांना अडवून केलं.

मसुद्यातली पहिली दोन वाक्यं छान आहेत, त्यांना हात लावू नकोस. शिक्षेचं एक वाक्य वर लिहिलंय तसं घाल आणि थांब. सकाळी निघण्याआधी फोनवर एकदा मोठ्यानं वाचून दाखव. मी पाचपासून जागाच असतो.

तुझा,
काका