सासरे जेवत नाहीत: चार्टच्या आधी काय बघाल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे 79 वर्षांचे, घर म्हापशाजवळ, सासूबाई जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून दोन्ही वेळा पेज आणि लोणचं, वजन सहा किलो उतरलं, प्रोटीन पावडरचा डबा तसाच पडून, आणि देखभालीसाठी ठेवलेल्या बाईवर ओरडणं. तुम्हाला आहाराचा चार्ट हवाय. तो मी देणार नाही. आईसाठी मी असे तीन चार्ट फ्रिजवर चिकटवले होते, त्यातल्या एकाने तिला इस्पितळात नेलं.

आई तेव्हा 81 वर्षांची. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं, पण पाकीट मी कधी नीट वाचलंच नव्हतं. दिवसाला 5 ग्रॅमच्या वर मीठ नको एवढं मात्र वाचलं होतं. लोणचं बंद, खारा बांगडा बंद, पेजेतलंही मीठ काढलं. वर 'पाणी पी, पाणी पी' हा माझा धोशा. पंधरा दिवसांनी एका सकाळी सोप्यावर बसलेली असताना तिने मला विचारलं, "तूं कोणाचो रे?" आम्ही म्हटलं, झालं, विसरायला लागली. शेजारच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, चार दिवसांत कोणी म्हातारं होत नाही, रक्त तपासून घ्या. लघवीचं औषध, तोडलेलं मीठ आणि वर पाणी, तिन्हींनी मिळून रक्तातलं सोडियम 118 वर आणलं होतं. 135 च्या खाली जाता कामा नये. डॉक्टरांनी गोळी बदलली, पाणी मोजून द्यायला सांगितलं. आठवड्याने तिने मला नावाने हाक मारली आणि लगेच लोणचं मागितलं.

म्हणून सांगतो, वर्षात सहा किलो हे वयाच्या खात्यात टाकू नका. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि पिशवीसकट डॉक्टरांकडे जा. सोडियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, किडनी एवढं बघायला सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते मुद्दाम सांगा. त्याने काहींची भूक मरते आणि वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 उतरू शकतं. मन खचलेलं आहे का हेही स्पष्ट विचारा. पन्नासएक वर्षं समोर बसून जेवणारं माणूस गेलं की घास फिरतो, आणि आपले पुरुष ते बोलून दाखवत नाहीत, लोणच्याची बरणी पुढे ओढतात.

मग तोंडात बघा. कवळी असेल तर काढायला लावून हिरड्या बघा. वजन उतरलं की हिरड्याही आकसतात, कवळी सैल होते, खाली घासून जखम होते. पेज आणि लोणच्याचा खार, दोन्हीला चावावं लागत नाही. माणूस हट्टाने पेजेवर आहे की दुखतंय म्हणून, हे कोणी विचारलेलंच नसतं.

पेज बंद करू नका. उकड्या तांदळाची सकाळी अकराची पेज ही त्यांची जन्माची सवय आहे, आणि पोटाला हलकी आहे. कमी पडतात ती प्रथिनं. किडनी ठीक असेल तर या वयात वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम हवीत, म्हणजे 55 किलोला 55. पेजेच्या दोन वाडग्यांतून जेमतेम आठ मिळतात. त्यात बांगड्याचा शंभरेक ग्रॅम गर घातला की वीस, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा, वाटीभर अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्सा, सात-आठ. झाले की पन्नासच्या आसपास! डबा परत कपाटात. श्रावणात नुस्तं, म्हणजे मासे, बंद झालं की मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) दोन्ही वेळा करा. नाचणीचं तिझन (गुळाची खीर) चांगलं, कॅल्शियम भरपूर, पण मधुमेह असेल तर त्यातल्या गुळाला आवर घाला.

नुस्त्याचीच एक गोष्ट. आईने पेडवे, म्हणजे बारीक काट्यांचे छोटे मासे, खाणं सोडलं तेव्हा मला वाटलं वास सहन होत नाही. कारण दुसरंच होतं. बोटं थरथरायची, काटा निघेना. एकदा पाहुण्यांसमोर माझ्या बायकोने प्रेमाने तिचं ताट ओढून काटे काढून दिले. जिने घरातल्या सगळ्या पोरांना काटे काढून भरवलं, तिचं ताट ओढलं! त्यानंतर तिने नुस्त्याला हात लावला नाही. मग आम्ही बांगड्याचे काटे स्वयंपाकघरातच काढायला लागलो आणि तोच गर सगळ्यांच्या ताटात वाढायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिने मागून घेतलं.

बाईवर ओरडतात त्याबद्दल. आमच्याकडे एका संस्थेने महिन्याभरात चार बायका बदलल्या. त्यांतली एक आईसमोरच मला विचारायची, "हिला आज आंघोळ घालायची का?" आईला ऐकू उत्तम यायचं. तुमच्या घरी सासऱ्यांना अंघोळ कोण घालतं? बाई असेल तर पुरुष मदतनीस शोधा, नाहीतर नवऱ्याने करावं. माझा अंदाज, निम्मं ओरडणं तिथेच थांबेल. आणि त्यांच्याविषयी काही विचारायचं तर त्यांनाच विचारायचं, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना सांगा.

पैशाचं थोडक्यात. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार त्यांना मिळत असतील तर ते घरखर्चात वळवू नका, त्यांच्या हातात द्या. आई त्यातून नातवंडांना खाऊला द्यायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. तुमच्या दिरांनी हात झटकलेत असं लिहिलंय. त्यासाठी ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवर विचारा. आईवडिलांच्या पोटगीचा 2007 चा कायदा आहे, पण कागद हलवायच्या आधी एकदा घरात बसून बोला.

येत्या शुक्रवारी त्यांना म्हापशाच्या बाजारात घेऊन जा. पिशवी तुम्ही धरा, पैसे त्यांच्या खिशात. काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या, घासाघीस त्यांना करू द्या, महाग घेतलं तरी गप्प राहा. घरी आल्यावर कसं करायचं तेही त्यांनाच विचारा. सासूबाई माशाच्या हुमणात तिरफळं किती घालायच्या हे त्यांना नक्की ठाऊक असेल. आणि जेवायला कोणीतरी समोर बसा, मोबाइल न घेता.

रक्ताचे आकडे आले की इथे टाका. कवळी कधीची आहे तेही लिहा.