वृंदावन नंतर, आधी घराच्या नंबरची पाटी

प्रश्न : नुकतीच बँकेतून निवृत्त झाले. बाथरूमच्या कामातल्या उरलेल्या टाइल्स खोक्यांत पडून आहेत. त्यांचं मोझॅक करून अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावायचं मनात आहे. चित्रकला शाळेत सुटली ती सुटलीच. यजमान म्हणतात, गवंडी बोलाव, अर्ध्या दिवसात लावून देतो. शिकायला सुरुवात कुठून करू? आणि बांगड्यांचे तुकडे चालतील का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, यजमानांचं अगदीच खोटं नाही. ऊन परतवायला आपल्याकडे गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करतात, ते गवंडीच करतो आणि त्याचा हात बघत राहावा असा चालतो. पण गच्ची भरताना तुकडा बसेल तिथे बसवायचा असतो. तुळशीचं पान करायचं तर तुकड्यांच्या ओळी पानाच्या कडेकडेने वळल्या पाहिजेत, नाहीतर नुसता हिरवा डाग दिसतो. शिकायचं ते एवढंच. पानाची बाहेरची रेघ काढता आली तरी चित्रकला पुरते.

वृंदावनाला मात्र एवढ्यात हात लावू नका. उभी बाजू, कोपरे, दिव्याचा कोनाडा, वर रोजचं पाणी. सगळ्या अडचणी एकाच जागी. आधी घराच्या नंबरची वीतभर पाटी करा. आकड्यांत सरळ रेघही येते आणि वळणही. घरात टांगायची तर प्लायवर फेविकॉलने चिकटवलेलं चालतं. फाटकावर लावायची तर दोन्ही नकोत, पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि तुकडे सुटतात. तिथे सिमेंट बोर्ड आणि टाइल अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा सिमेंटचा माल.

आता ती खोकी उघडा. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. चटकन शोषला तर ती भिंतीची सिरॅमिक टाइल, कापायला मऊ. तसाच बसून राहिला तर बहुधा व्हिट्रिफाइड. ती ०.५ टक्क्यांहून जास्त पाणी पीत नाही आणि निपरलाही, म्हणजे टाइल कुरतडायच्या पकडीलाही, दाद देत नाही. नवख्या हातांनी ती बाजूला ठेवावी. थंड मुलखात शोषलेलं पाणी गोठून टाइल तडकते म्हणून बाहेर सिरॅमिक लावत नाहीत. आपल्या नागपुरात ती भीती नाही.

टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, मग निपर घ्या. इथे बहुतेकांचं चुकतं. टाइल निपरच्या जबड्यात खोलवर घालून जोर लावतात आणि तुकड्याचा चुरा करतात. कडेचा जेमतेम ३-४ मिलिमीटर भाग जबड्यात धरा, दांडे टोकाशी पकडा आणि दाबा. टक्‌ आवाज येतो आणि जबडा जसा तिरपा धराल तशी चीर जाते. गोल हवा असेल तर कोपरे कुरतडत जायचं. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, कारण त्या धुळीत सिलिका असते. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आपण घरात अनवाणी फिरतो, म्हणून हे काम गच्चीवर किंवा व्हरांड्यातच.

दोन तुकड्यांत २-३ मिलिमीटर फट ठेवा. अ‍ॅडहेसिव्ह दुसऱ्या दिवशी पक्कं झालं की फटींत ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा सिमेंटचा लगदा भरायचा, श्रीखंडाइतका घट्ट. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या स्पंजने तिरपं पुसा. सरळ पुसलं तर फटीतलं निघून येतं. रंग करडा घ्या. पांढऱ्या ग्राउटने फटीच आधी डोळ्यांत भरतात आणि रंग फिके वाटतात. उरलेलं ग्राउट मोरीत ओतू नका, पाइपात दगड होतो.

हे सगळं मे महिन्यात नको. आपल्या उन्हात अ‍ॅडहेसिव्हवर बघता बघता साय धरते आणि तिच्यावर तुकडा चिकटत नाही. करायचंच असेल तर सकाळी, ओंजळभरच माल कालवून.

पाटी जमली की वृंदावन. त्यात खरा शत्रू आतून येतो. रोज घातलेलं पाणी मातीतून विटांत झिरपतं, बाहेर क्षारांचा पांढरा लोणा फुटतो आणि टाइल्स सुटतात. म्हणून आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या. या कामाला गवंडी जरूर बोलवा, यजमानही खूश. चित्र मात्र टेबलावर करा. खाली नक्षीचा कागद, त्यावर प्लास्टिक, त्यावर फायबरची जाळी. तुकडे जाळीवर चिकटवा आणि वाळलं की अख्खी जाळी उचलून भिंतीवर अ‍ॅडहेसिव्हमध्ये दाबा. चिकटवायला फेविकॉल नको, ओलीत विरघळतो. पाणी न लागणारा गोंद घ्या आणि प्रत्येक तुकड्याला थेंबभरच लावा, नाहीतर जाळीची भोकं बुजतात आणि खालचा माल वर येत नाही.

बांगड्या चालतात. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांनी अख्ख्या बाहुल्या मढवल्या आहेत. १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. पण बांगडीचा तुकडा टाइलपेक्षा बारीक, ग्राउटमध्ये पार बुडतो. म्हणून बांगड्या शेवटी, ओल्या ग्राउटमध्येच दाबून बसवा, दोन्ही टोकं आत जातील अशा. नातवंडांचे हात पोचतील त्या उंचीवर नकोत.