समुद्री माशांच्या टाकीचा पंप घेण्याआधी उंची मोजा

खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. संपमधून (माशांच्या टाकीखालच्या पाण्याच्या पेटीतून) टाकीपर्यंत चार फूट चढवलं की प्रवाह बराच घटतो. तुमच्या उंचीला ताशी किती लिटर मिळतात ते दुकानदाराला विचाराच. २०० लिटरच्या टाकीला ताशी ८०० ते १००० लिटर पुरे, कोरलसाठीची (प्रवाळांसाठीची) लाट टाकीत बसवायच्या वेव्हमेकरनं द्या.

स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मात्र टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि संपमध्ये पातळी हलत नाही अशाच कप्प्यात ठेवा. नवीन असताना आठवडा-दोन आठवडे फेस वेडावाकडा येतो, रोज स्क्रू पिळत बसू नका. फेस जमतो त्या कपाची मान दर दोन-तीन दिवसांनी पुसा. तिथं चिकट थर बसला की फेस वर चढतच नाही.

पुण्यात वळवाच्या पावसात वीज जाते. इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी वेव्हमेकर लावा.