तळं हिरवं होतं त्याची सुरुवात बांधावरच होते

या आठवड्यात आलेले तीन प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: शेतातलं खत वाहून पाण्यात उतरतं. म्हणून उत्तरंही एकत्रच देतो.

खत पिकाला पोसतं. मग त्यानं तळ्यातले मासे कसे मरतील?

खत माशाला थेट मारत नाही, ते शेवाळाला पोसतं. गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुतेक वेळा टंचाई असते ती स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, आणि त्या टंचाईमुळेच शेवाळ आटोक्यात राहतं. १९७३ साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) सोडलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. काही महिन्यांत ती बाजू हिरवीगार झाली. पडद्यापलीकडचं पाणी तसं झालं नाही.

आता आपल्या गोणीचा हिशोब करू. डीएपी या स्फुरदाच्या खताच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असं आपण म्हणतो, पण तो आकडा ऑक्साइडच्या रूपातला. मूळ फॉस्फरस भरतो साधारण १० किलो. तळ्याच्या १ लिटर पाण्यात ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला तरी शेवाळ माजायला पुरतो. म्हणजे गोणीतला दहावा हिस्सा वाहून गेला, तर ३ कोटी लिटर पाणी बिघडू शकतं. पिकाच्या दृष्टीनं पाच किलो खत किरकोळ वाटतं, तळ्याला ते झेपत नाही.

दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. म्हणून मासे मरतात ते बहुतेक पहाटे. मी अशा एका तळ्यावर उजाडायच्या आत गेलो होतो. पाण्याला लाट नव्हती, पण काठापासून आतपर्यंत शेकडो तोंडं पृष्ठभागाला लागून उघडमीट करत होती. ते दृश्य मला अजून विसरता आलेलं नाही. पुढे शेवाळ मरून तळाशी कुजतं, तेव्हा उरलासुरला ऑक्सिजनही जातो. तो १ लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत.

पावसाच्या आदल्या दिवशी युरिया फेकला तर तो चांगला मुरतो ना?

हलकी सर येणार असेल तर मुरतो. जोराचा पाऊस असेल तर युरिया तुमच्या शेतात थांबतच नाही. जमिनीत वापसा (ना चिखल, ना कोरडी, अशी ओल) असताना हप्ते पाडून द्या आणि मातीआड करा. युरियातल्या नत्राचं पुढे नायट्रेट होतं. ते पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत उतरतं. अशा पाण्याचा तान्ह्या बाळांना धोका असतो आणि उकळून नायट्रेट जात नाही, त्यामुळे विहिरीचं पाणी तपासून घ्या.

स्फुरदाची चाल वेगळी. तो मातीच्या कणाला चिकटतो, म्हणून शेतातून निघालेलं गढूळ पाणी म्हणजे वाहतं खतच समजा. वर फेकलेलं डीएपी सगळ्यात आधी जातं. ते पेरतानाच बियाण्याच्या बाजूला, थोडं खाली पडू द्या. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाला असेल तर त्या हंगामात तो देऊच नका, केवळ सवयीनं गोणी फोडू नका. शेणखताचाही हिशोब धरा. नत्राची सगळी गरज शेणखतातून भागवायला गेलं की स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतो. आणि उकिरडा ओढ्याच्या काठावर असेल तर तो हलवा, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून तळं साफ करू का? गुरं तेच पाणी पितात.

नका टाकू. निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. मोरचुदानं त्याच्या पेशी एकदम फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. हातमोजे घालून काचेची बाटली पाऊण भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय धरा, तळाशी बसला असेल तर धोका कमी. संशय असेल तर गुरांना दुसरं पाणी द्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. उकळूनही हे विष जात नाही. २०१४ साली अमेरिकेत ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे टोलेडो शहर आणि आसपासच्या सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं.

तळं लगेच निवळेल असं मी सांगणार नाही. गाळात साठलेला फॉस्फरस तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो, आणि हे कित्येक वर्षं चालू राहतं. म्हणून अडवायचं ते वरच. पुढचा जोराचा पाऊस लागला की बांधावर जा आणि गढूळ पाणी नेमकं कुठून बाहेर पडतंय ते बघून तिथे खूण करा. गवताचा पट्टा आधी तिथेच लावा, आणि पुढच्या पेरणीची तासं उताराला आडवी घ्या.